मुखत्याराच्या घरची दुसरी चूल

त्या साली तूर फुलात असताना धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडली आणि जामखुटीच्या शिवारातली निम्मी तूर झाडावरच करपली. ज्वारी कापून झाली, कापूस वेचून झाला, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरांना फाल्गुनातच कळून चुकलं की आता पावसाळ्यापर्यंत हाताला काम नाही. नेमक्या त्याच दिवसांत महसुलाचा गिरदावर सायकल रेटत तामसीहून आला. बौद्ध वस्तीतल्या निंबाखाली त्याच्यासाठी बाज टाकली. तिच्यावर बसून त्याने सरकारचा हुकूम सांगितला.

दूर बेज्जूरच्या जंगलात, प्राणहिता नदीच्या अंगाला, सरकार भूमिहीनांची वसाहत बसवत होतं. जो जाईल त्याला पाच एकर जमीन, एक कौलारू खोली, पहिलं पीक हाती येईपर्यंत ज्वारी आणि दोन घरांत मिळून एक बैलजोडी. आदिलाबादपर्यंत चालत यायचं, पुढे सरकारचा ट्रक. अट एकच होती. जागा माणसाला नव्हती, चुलीला होती. एका चुलीवर दहा जण जेवत असले तरी त्यांना जागा एकच.

बेज्जूर कोणीच पाहिलेलं नव्हतं. तिथे वाघ आहे आणि हिवताप आहे एवढीच माहिती होती, आणि ती माहितीही आदिलाबादच्या बाजारातून आलेली. पण पाच एकर म्हटल्यावर वाघ जरा लहान झाला. वस्तीत कोणाच्या नावावर बांधापुरतीही जमीन नव्हती. पुरुष वरच्या आळीतल्या उद्धवरावांसारख्या जमीनवाल्यांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार, बाया त्यांच्याच शेतात निंदायला आणि वेचायला.

माणसं जमवायचं, त्यांना तयार करायचं आणि सांभाळून तिकडे न्यायचं काम गिरदावराने मोतीरामवर टाकलं. मोतीराम निजामाच्या राज्यात थोडं उर्दू शिकला होता आणि साहेबासमोर उभं राहताना त्याचे पाय कापत नसत. गिरदावर म्हणाला, तू मुखत्यार. त्या दिवसापासून मोतीराम उन्हातसुद्धा कोट घालून फिरू लागला आणि लोकही त्याला मुखत्यारच म्हणू लागले, अर्धे मानाने आणि अर्धे गमतीने.

मुखत्याराने पहिलं काम केलं ते घराघरांत चुली वेगळ्या करवण्याचं. भाऊभाऊ एकत्र राहत होते त्यांना त्याने समजावलं की वेगळं व्हायचं नाही, वेगळं दिसायचं आहे. साहेब चूल पाहायला येणार. नुसती चूल मांडून भागणार नाही, साहेब काठीने राख उकरून पाहतो. म्हणून दोन्ही चुलींवर रोज खराखुरा स्वैपाक झाला पाहिजे, भांडी वेगळी पाहिजेत, आणि साहेबासमोर जावाजावांनी एकमेकींशी बोलायचं नाही. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वस्तीत नव्या चुली पेटल्या, धूर दुप्पट झाला, आणि वरच्या आळीतले लोक विचारू लागले की तुमच्याकडे रोजच लग्न आहे की काय. गयाबाई आणि तिची जाऊ तर दिवसभर खोटं खोटं भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या चुलीवरचं चाखायच्या.

मोतीरामच्या घरात चार माणसं आणि एक म्हातारी आई अशी पाच तोंडं. तो, त्याची बायको पंचफुला, धाकटा भाऊ खुशाल, खुशालची बायको चंपा, आणि आई सखूबाई. मोतीरामची मुलगी लग्न होऊन गेली होती. खुशालच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, अजून मूल नव्हतं.

पंचफुला वाईट बाई नव्हती. कामाला खंबीर आणि हाताची मोकळी. चंपा घरात आली तेव्हा तिला स्वतःचं एकुलतं बरं लुगडं तिनेच नेसायला दिलं होतं. पण ते लुगडं चंपाला जास्त खुलतं असं शेजारची एक बाई बोलून गेली, आणि पंचफुलाने ते लुगडं पुन्हा कधी अंगाला लावलं नाही. कोणाला काही द्यायला तिचं मन कचरत नसे. तिच्यासमोर दुसऱ्याचं कौतुक झालं की मात्र ते तिला खुपायचं. ते तिला आवरता येत नसे, आणि कोणाला सांगताही येत नसे.

वाटणी तिनेच केली. आतली जुनी चूल थोरलीची, म्हणजे तिची. बाहेर छपरीत चंपाने नवी मांडायची. लोखंडी तवा थोरलीकडे, चंपाला मातीचं खापर. पाटा आतला, जातं दोघींचं. सखूबाई कागदावर मोतीरामच्या घरात, जेवायला कुठेही. चंपाने सगळ्याला मान हलवली. तिने ओढ्याची माती आणली, तुरीचा भुसा घालून ती तुडवली आणि दोन दिवसांत चूल मांडली. कडा अंगठ्याने दाबून दाबून सारख्या केल्या, पुढे राख ओढायला लहानसा ओटा केला. चूल खरंच देखणी झाली. तिथूनच बिघडायला सुरुवात झाली.

आतली चूल कोणाला दिसत नव्हती. छपरी रस्त्यावर होती. येणारी जाणारी बाई थांबायची, चंपाच्या चुलीकडे पाहायची आणि काहीतरी बरं बोलायची. चंपा लाजून खाली पाहायची आणि भाकर थापत राहायची. आत पंचफुला फुंकणीने कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ फुंकत प्रत्येक शब्द ऐकायची.

सखूबाईला मात्र या वाटणीने सोन्याचे दिवस आले. काय खाणार असं तिला नवऱ्याच्या माघारी कोणी विचारलं नव्हतं. आता सकाळी दोन सुना दोन बाजूंनी विचारायच्या. म्हातारी आधी आत बसून कण्या खायची, मग हळूच बाहेर जाऊन अंबाडीची भाजी चाखायची. एक दिवस भाकरीचा पापुद्रा सोडवत ती सहज म्हणाली, "खापरावरची भाकर गोड लागते व, पोरी. तव्यावरची लोखंडावानी लागते."

आत पंचफुलाच्या हातातली भाकर तव्यावरच करपली. लोखंडी तवा तिने हक्काने घेतला होता, तोच आता तिला टोचू लागला. दुसऱ्या दिवशी ती चंपाला म्हणाली, तुझे हात भाजतात, तवा तू घे, खापर मला दे. चंपाने दिलं. खापरावर पंचफुलाच्या भाकरी चिकटल्या, तिसऱ्या दिवशी खापराला चीर गेली. आणि चंपाने लोखंडी तव्यावर केलेली भाकर खाऊन म्हातारी म्हणाली की तव्याची नाही, हाताची गोडी आहे. म्हातारीच्या मनात काही नव्हतं. तिला पुढच्या वेळी आणखी एक भाकर मिळावी एवढंच तिचं राजकारण होतं.

खुशाल तुराट्यांचे भारे आणून छपरीत रचायचा, बायकोजवळ बसून कांदा फोडून द्यायचा. दोघं हळू आवाजात बेज्जूरचं बोलायचे. जमिनीत पहिल्या वर्षी ज्वारी घ्यायची की तीळ, खोलीचं दार कुठे असेल, बैल खिलारी देतील की गावठी. अठरा वर्षं दुसऱ्याच्या औतामागे चाललेल्या माणसाचं ते बोलणं होतं. पंचफुला भिंतीला पाठ लावून ऐकायची. मोतीरामकडे तिच्याशी बोलायला वेळ नव्हता. तो सकाळी कोट घालून निघायचा, तामसीला जायचा, भीमपूरकडच्या गावांत जायचा, परत आला की निंबाखाली लोकांना सांगत बसायचा. घरात आला तर विचारायचा, राख ठेवली ना? एवढंच. नवऱ्याच्या तोंडून आपल्यासाठी राखेशिवाय दुसरा शब्द येत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

मग सखूबाईने गोधडी उचलली आणि छपरीत नेऊन टाकली. कारण विचारलं तर म्हणाली, आत उकडतं. फाल्गुनात आत उकडत होतंच. पंचफुलाला मात्र दुसरंच दिसलं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मोतीराम गयाबाईला आणि दोघीतिघींना घेऊन आला आणि त्याने त्यांना चंपाची चूल दाखवली. अशी पाहिजे, म्हणाला, राख पाहा, काजळी पाहा, कोणी म्हणेल का ही महिन्याची आहे म्हणून. बाया गेल्या. मोतीरामला भूक लागली होती आणि तवा समोर होता. तो तिथेच उकिडवा बसला आणि चंपाने त्याच्या हातावर भाकर आणि ठेचा ठेवला. त्याने खाल्ली. दुसरी मागितली. पंचफुला दारात उभी होती, ताट वाढून.

"मी वाढलं हाये," ती म्हणाली.

"झालं माहं," मोतीराम तोंड पुसत म्हणाला. "माय खरं म्हणते. हिच्या हाताले चव हाये."

तो उठून गेला. चंपाने वर पाहिलं, पंचफुलाचा चेहरा पाहिला आणि तिचा हात पिठातच थांबला. पंचफुला आत गेली. वाढलेलं ताट तिने स्वतः खाल्लं, सगळं, एकेक घास मोजावा तसं चावून. त्या दिवसापर्यंत ती जळत होती. त्या जेवणानंतर ती ठरवून बसली.

सकाळी चंपा घागर घेऊन विहिरीवर गेली. उन्हाळ्यात विहिरीला पाणी तळाशी, झिरपायची वाट पाहत बायांची रांग लागायची. खुशाल साहेबासाठी रस्ता झाडायला गेला होता. मोतीराम वेशीवर उभा. म्हातारी निंबाखाली. पंचफुला टोपली घेऊन छपरीत आली आणि तिने चंपाच्या चुलीतली राख ओंजळीओंजळीने काढली. जुनी, घट्ट बसलेली, महिन्याभराची राख. ओटा खरवडला. सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. मग पांढरी माती आणि शेण कालवून तिने चूल आतून बाहेरून सारवली, काजळी झाकेपर्यंत. साहेब यायचा आहे, घर स्वच्छ नको का, थोरल्या जावेनं करायचं नाही तर कोणी करायचं, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. दोन हात फिरवले आणि चूल पुन्हा काल मांडल्यासारखी कोरी झाली, आणि पंचफुलाला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. पाच एकर तिच्या डोक्यात त्या वेळी नव्हतेच. चंपाच्या चुलीला आज कोणी चांगलं म्हणू नये, एवढंच होतं.

साहेब आला. बारीक अंगाचा, तेलुगू माणूस, लोकांशी हिंदीत बोलायचा. सोबत गिरदावर. गयाबाईच्या घरी त्याने दोन्ही चुली काठीने उकरल्या, राखेखाली विस्तव दिसला, तो पुढे सरकला. घरोघरी तसंच झालं. लोकांना धीर आला. मोतीराम पुढे पुढे चालत होता, आणि स्वतःचं घर त्याने शेवटी ठेवलं होतं, मानाचं म्हणून.

आतली चूल पाहून साहेब बाहेर छपरीत आला. खाली बसला. ओल्या सारवणावर त्याने बोट दाबलं. बोटाचा ठसा उमटला. काठी आत घातली, काठी रिकामी फिरली, राख नव्हतीच. साहेब गिरदावराकडे पाहून हसला आणि तेलुगूत काही बोलला. गिरदावर हसला नाही.

मोतीरामला समजेना. काल याच चुलीवर तो दोन भाकरी जेवला होता. सखूबाई काठी टेकत पुढे आली. साहेबाने तिला विचारलं, "अम्मा, तुम खाना किधर खाते?"

"अठीच खातो, बाप्पा," म्हातारी छपरीकडे बोट दाखवून म्हणाली. तिने आयुष्यात इतकं खरं फार थोड्या वेळा सांगितलं असेल. साहेबाला वाटलं पढवून ठेवलं आहे.

तो उठला आणि मोतीरामला सगळ्यांदेखत म्हणाला की मुखत्याराच्याच घरात खोटं असेल तर बाकीच्या चुली मी कशाला खऱ्या मानू. सगळंच रद्द करून परत जातो. ज्यांच्या चुली पास झाल्या होत्या ते सगळे मोतीरामकडे पाहत होते. गयाबाईच्या नवऱ्याने हात जोडले, साहेबाला नाही, मोतीरामला.

खुशाल झाडू हातात धरून उभा होता. मोतीरामने त्याच्याकडे पाहिलं नाही. कोटाचं बटण चाचपत तो म्हणाला, "बाकी सगळे खरे हायेत, साहेब. माझ्या घरी एकच चूल हाये. चुकलो."

साहेबाने मान हलवली. मोतीरामच्या घराला एक जागा.

चंपा घागर डोक्यावर घेऊन तेवढ्यात आली. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने घागर उतरवली, चुलीकडे पाहिलं, वाळत आलेल्या पांढऱ्या मातीवर साहेबाच्या बोटाचा ठसा पाहिला. मग तिने पंचफुलाच्या हातांकडे पाहिलं. पंचफुलाने हात पदराखाली घेतले. चंपाने घागर उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मोतीराम त्या दिवशी फार बोलला. त्याच्या पाच एकरांतच सगळे जाऊ, एकत्र कसू, एका खोलीत राहू, पुढे सरकार आणखी देईल. खुशालने सगळं ऐकून घेतलं. त्याला राग येत नसे, आला तर तो उठून निघून जायचा. या वेळी तो बसून राहिला.

"भाऊ, तुह्या पाच एकरात मी सालदारच ना," तो म्हणाला. "मंग उद्धवरावाचा काय वाईट?"

चूल कोणी सारवली हे मोतीरामने चंपाला विचारलं. चंपा म्हणाली, "माह्या हातानंच सारवली असंल. मले ध्यान नाई." पंचफुला दारामागे उभी राहून ऐकत होती. शिवी ऐकली असती तर तिने उलट शिवी दिली असती. या उत्तराचं काय करावं ते तिला कळेना. उलट हेही चंपालाच जमलं, चांगलं दिसणंसुद्धा, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

खुशाल उद्धवरावांकडे गेला. होळीलाच त्याने त्यांना सांगून टाकलं होतं की यंदा साल धरणार नाही, आणि उद्धवरावांनी भीमपूरकडचा एक गडी ठेवूनही घेतला होता. खुशाल अंगणात उभा राहिला. उद्धवराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलंच नाही. मग विचारलं, जमीन इतक्यात पिकली का रे तुझी? ओसरीवरचे लोक हसले. खुशालही थोडा हसला, कारण हसणं भाग होतं. औत आता तुझ्याकडे देता येणार नाही, उद्धवराव म्हणाले, ढोरं राखायची असतील तर राख. जे काम पोरं करतात ते अठरा वर्षं औत धरलेल्या गड्याने पत्करलं आणि तो घरी आला. येताना रानातून त्याने नेहमीसारखा तुराट्यांचा भारा आणला. छपरीत टाकला. त्या चुलीत पुन्हा जाळ झाला, आता कोणाला दाखवायचा नव्हता तरी.

जायचा दिवस आला तेव्हा उन्हं तापली होती. वस्तीतली माणसं आदिलाबादला जायच्या रस्त्यापर्यंत पोचवायला निघाली. गिरदावराने खटपट करून ट्रक तामसीच्या फाट्यापर्यंत आणवला होता, मोतीराम ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. मडकी, जाती, कुदळी, कोंबड्यांच्या पाट्या ट्रकमध्ये चढल्या. गयाबाई आणि तिची जाऊ एका वळकटीवर बसून शेजारी शेजारी खोल्या मिळतील का याची चर्चा करत होत्या. मोतीराम आईला तिसऱ्यांदा म्हणाला, चल माय. सखूबाई म्हणाली, तुमी व्हा पुढं, मी अठी बरी हावो. तिने कारण दिलं नाही. पंचफुलाला कारणाची गरजही नव्हती.

चंपा चालत आली ती हातात चरवी घेऊन. वाटेत प्यायला पाणी. ती ट्रकच्या फाळक्याजवळ उभी राहिली आणि चरवी वर दिली. पंचफुलाने वाकून घेतली. दोघींची तोंडं जवळ आली. त्या सकाळनंतर दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"बाई," चंपा हळू म्हणाली, "तुमी एक डाव म्हटलं असतं ना, का मले हे पाहवत नाई, तर म्या सोता चूल मोडली असती. दुसरीकडं मांडली असती, मागच्या अंगाले. कोणाले दिसली नसती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने खरंच तसं केलं असतं, आणि पंचफुलाला ते माहीत होतं. पंचफुलाच्या तोंडात काहीतरी आलं. चुकले, असं म्हणायचं होतं की चंपाचा हात धरायचा होता, कोण जाणे. तेवढ्यात ड्रायव्हरने ट्रक सुरू केला, मोतीराम फाळका लावायला ओरडला, आणि चंपा मागे सरकली.

ट्रक हलला. रडारड झाली, माणसं ट्रकमागे थोडी पळाली आणि थांबली. पंचफुला चरवी मांडीत धरून मागे पाहत बसली. शेजारी मोतीराम गिरदावराच्या चिठ्ठ्या सांभाळत सांगत होता की आपल्याला नदीकडची जमीन मिळणार, काळी, कसदार. पाच एकर. तिच्या माहेरी नाही, सासरी नाही, कोणाच्या सात पिढ्यांत नाही अशी जमीन. ती ऐकत नव्हती.

फाट्यावर धूळ खाली बसत होती. चंपा सखूबाईजवळ गेली. म्हातारीने तिच्या खांद्यावर हात टाकला, खुशालने म्हातारीची काठी घेतली. ती तिघं ट्रक दिसेनासा होईपर्यंत थांबतील असं पंचफुलाला वाटलं होतं. ती थांबली नाहीत. चढाच्या रस्त्याने गावाकडे वळली, म्हातारी काहीतरी सांगत होती, आणि चंपा चालता चालता मान वाकवून ते ऐकत होती.

पंचफुला त्या तीन पाठींकडे डोळे ताणून पाहत राहिली. आणि पाच एकरांच्या त्या मालकिणीला, ज्या घरात आता ढोरं राखायचं काम उरलं होतं त्या घराचा, पहिल्यासारखाच हेवा वाटला.